हाताने रेखाटलेला खेळकर देवनागरी फाँट: कुठे शोभतो, कुठे फसतो

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

खेळकर देवनागरी फाँट आता बऱ्यापैकी मिळतात. ते वापरलेले बघताना मात्र पुष्कळदा हळहळ वाटते: फाँट चांगला, जागा चुकीची. म्हणून हा धागा. वापरणाऱ्यांनी आणि बनवणाऱ्यांनी, दोघांनीही भर घालावी.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू, कारण त्यांची हमखास खिचडी होते. बोरूने किंवा कटनिबने लिहिलेल्या अक्षरातला जाड-बारीकपणा कलमाच्या कोनातून येतो, ते सुलेखन. पेनाने भराभर लिहिल्यासारखं दिसतं तो हस्ताक्षराचा फाँट, उदाहरणार्थ इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’. तिसरा प्रकार रेखाटलेल्या अक्षरांचा: आधी कड काढायची, मग आत रंग भरायचा. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मोदक’ आणि ‘बलू’ या जातीचे. ‘मोदक’मध्ये शाई इतकी भरली आहे की अक्षराच्या पोटातली पोकळी केसाएवढ्या फटीवर आली आहे. तोच त्याचा गंमतीदारपणा आणि तीच त्याची मर्यादा. ‘बलू’ त्या मानाने संयमी. ‘बलू २’मध्ये ४०० ते ८०० वजनं (अक्षराच्या जाडीच्या पायऱ्या) मिळतात, त्यामुळे शीर्षक आणि उपशीर्षक दोन्ही एकाच घराण्यात बसवता येतात.

शोभण्याच्या जागा: मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, चित्रकथेतले फुगे, वाढदिवसाचं निमंत्रण, स्टिकर, टी-शर्ट, खाऊचं पाकीट, खेळाच्या ॲपमधली बटणं, व्हिडिओचं थंबनेल. सगळीकडे मजकूर सात-आठ शब्दांच्या आत असतो आणि वाचणारा घाईत नसतो.

फसण्याच्या जागा: सलग परिच्छेद, अर्ज, औषधाची मात्रा, धोक्याची सूचना, आकड्यांचे तक्ते. ‘सावधान, उच्च दाब’ हे गुबगुबीत अक्षरात लिहिलं की ते कुणी मनावर घेत नाही. कॉमिक सॅन्सचंही हेच झालं. १९९४ साली तो मायक्रोसॉफ्टमध्ये काढला गेला तो पडद्यावरच्या कार्टून कुत्र्याच्या संवादाच्या फुग्यासाठी. फुग्यात त्याचं काहीच वावगं नव्हतं. लोकांनी तो नोटिशींवर नेऊन चिकटवला.

फाँट निवडताना नमुन्याचं सुंदर वाक्य बघून भुलू नका. ही ओळ टाइप करून बघा:

दुसऱ्या वऱ्हाडी तऱ्हा, मूर्तींना, पर्यंत, वाङ्मय, त्र्यंबक, हृदय, शृंगार, रुपया, रूप, पद्म, ब्राह्मण, उद्ध्वस्त, चिट्ठी, लठ्ठ, ॲप, बॅट, ऑफिस, स्थिती, क्ष, ज्ञ, ळ

यात एखादं जोडाक्षर पाय मोडून सुटं झालं, तर तो फाँट मराठी शीर्षकाच्या कामाचा नाही. निदान ते शीर्षक तरी बदलावं लागेल.

वेलांटी

ओळ चांगली आहे. तीत नेमकं काय बघायचं ते लिहिते.

‘दुसऱ्या’: ‘य’ला लागून येणारा कोयत्यासारखा अर्धा र. हा दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, नुक्त्याचा ऱ (युनिकोड ०९३१) आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह. फाँटने दोन्ही ओळखले पाहिजेत. काही फाँट फक्त एकच ओळखतात, आणि मग तोच शब्द एकाच्या संगणकावर बरोबर उमटतो, दुसऱ्याकडून आलेल्या मजकुरात ‘र्य’ होऊन बसतो.

‘ॲप’: ॲ साठी स्वतंत्र ०९७२ आहे. जुन्या मजकुरात अ आणि चंद्र सुटे टाइप केलेले असतात. तिथे ठिपक्यांचं वर्तुळ उमटलं तर फाँटला दोष देऊ नका, मजकूर शोधा-बदला करून दुरुस्त करा.

‘मूर्तींना’: दुसरी वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघं एकाच डोक्यावर. हौशी फाँटात ही हटकून एकमेकांवर बसतात. चांगल्या फाँटात या तिघांचं मिळून एक वेगळं चिन्ह काढलेलं असतं.

‘स्थिती’: पहिल्या वेलांटीची कमान ‘स्थ’च्या काठीपर्यंत पोचते का? सगळ्या अक्षरांना एकच रुंदी वापरली असेल तर ‘र’वर कमान पुढे लोंबते आणि ‘स्थ’वर मध्येच संपते. निदान तीन-चार रुंद्या हव्यात.

आणि ल, श. पाकळीचा ल नि देठाचा श हवा असेल तर मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवावी लागते. बऱ्याच फाँटात हे आकार असतात, पण भाषा मराठी ठेवल्यावरच ते जागे होतात. खेळकर फाँटात मात्र हे पर्याय पुष्कळदा काढलेलेच नसतात.

कोरी पाटी

दोन्ही प्रतिसाद वाचनखूण साठवण्यासारखे. एक प्रश्न: स्वतःची रेखाटलेली अक्षरं असतील तर फाँट करायला किती चिन्हं लागतात? रोमनमध्ये शंभरेक चिन्हांत काम भागतं असं ऐकून आहे.

अर्धा ण

कोरी पाटी, देवनागरीत शंभरात भागत नाही. स्वर, व्यंजनं, काना-मात्रा, अंक, विरामचिन्हं मिळून शंभरच्या आसपास जातात. त्यावर प्रत्येक व्यंजनाचं अर्धं रूप, रकारयुक्त रूप, काठी नसलेल्या ट-ठ-ड-ढ-द-ह यांची जोडाक्षरं, रु-रू-हृ-शृ, वेलांट्यांच्या रुंद्या, रफार-अनुस्वाराच्या जोड्या. नेटकं मराठी लिहिता येईल असा फाँट अडीचशे-तीनशे चिन्हांत होतो. त्याखाली गेलात तर बोरूबहाद्दर यांची ओळ कुठे ना कुठे फुटणारच.

क्रम सांगतो.

१. जाड, गुळगुळीत कागदावर पेन्सिलीने चार रेघा आखा: रफार-मात्रांची वरची हद्द, शिरोरेघ, अक्षराचा पाय, उकाराची खालची हद्द. शिरोरेघ ते पाय ६ भाग धरले तर वर ३ आणि खाली ३ भाग ठेवा. खेळकर अक्षरात मात्रा मोठ्या काढायचा मोह होतो. वरचे ३ भाग ओलांडले की ओळींतलं अंतर वाढवावं लागतं आणि दोन ओळींचं शीर्षक तुटल्यासारखं दिसतं.

२. अक्षर पाच-सहा सेंटिमीटर उंच काढा. लहान काढून मोठं केलं तर कागदाचे तंतू नि शाईचं फुटणं कडेवर येतं. ब्रश पेन किंवा गोल टोकाचा मार्कर, पण सगळी अक्षरं एकाच हत्याराने आणि शक्यतो एकाच बैठकीत. टोक झिजलं की रेघ जाड होते. क आणि ज्ञ यांच्यात तो फरक उघडा पडतो.

३. सगळी चिन्हं स्वतंत्र काढू नका. ग, त, न, म, व, स यांची अर्धी रूपं काठी कापून मिळतात. पण नुसतं कापलं की कापलेली कड चाकूने कापल्यासारखी सरळ राहते. ती गोलवावी लागते, नाहीतर जोडाक्षर ठिगळासारखं दिसतं. क आणि फ यांचं काठीच्या उजवीकडचं शेपूट आखडून अर्धं रूप करायचं असतं, तिथे काठी कापायची नाही.

४. ६०० डीपीआयवर करड्या रंगात स्कॅन करा, मग काळं-पांढरं करा. थेट काळं-पांढरं स्कॅन केलं तर कडा करवतीसारख्या येतात.

५. इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिटमॅप ट्रेस करा, म्हणजे स्कॅनच्या कडांवरून रेषा बनतात, आणि लगेच नोड (त्या रेषेवरचे बिंदू) कमी करा. ट्रेस केलेल्या ‘क’ला सव्वाशे-दीडशे नोड सहज येतात, तीस-पस्तीसमध्ये तोच आकार बसतो. जास्त नोड म्हणजे फाइल जड आणि मोठ्या आकारात कड थरथरलेली. हाताचा कंप वेगळा आणि ट्रेसची थरथर वेगळी. पहिला ठेवायचा, दुसरी काढायची.

६. फाँटफोर्ज या फाँट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये १००० एककांच्या चौकटीत आणा. शिरोरेघेची वरची कड सगळीकडे एकाच उंचीवर, समजा ६५० वर.

शिरोरेघ हा यातला सगळ्यांत नाजूक भाग, त्यावर स्वतंत्र लिहितो.

अर्धा ण

शिरोरेघ. हाताची वाटावी म्हणून ती वाकडी काढली जाते, आणि मग शेजारच्या अक्षराशी तिची पायरी पडते. उपाय साधा: रेघ मधल्या भागात हवी तशी डुलू द्या, पण दोन्ही टोकांना उंची आणि जाडी सगळ्या अक्षरांत तीच हवी. वर ६५०, खाली ५६० ठरलं की प्रत्येक अक्षराच्या दोन्ही टोकांना ६५० आणि ५६०. शिवाय टोकं अक्षराच्या रुंदीबाहेर १५-२० एककं काढा, म्हणजे शेजाऱ्यावर चढतील. नुसती टोकाला टोक भिडवली तर पडद्यावर केसाएवढी पांढरी चीर दिसते.

अक्षरं वर-खाली नाचवायची असतील तर हा नियम चालत नाही. मग शिरोरेघ सरळ तोडायचीच, प्रत्येक अक्षराला स्वतःची टोपी. पण फट ठळक ठेवा, शिरोरेघेच्या जाडीच्या निम्मी तरी. बारीक फट ही चूक वाटते, मोठी फट हेतू वाटतो. आणि शब्दांतली मोकळी जागा दीडपट करा. देवनागरीत शब्द एकत्र धरून ठेवायचं काम शिरोरेघ करते. ती तुटल्यावर तेच काम मोकळ्या जागेला करावं लागतं.

शिरोरेघ पूर्ण वगळणाऱ्यांसाठी एक इशारा. भ आणि म, ध आणि घ यांच्यातला मोठा फरक शिरोरेघेतल्या फटीचाच असतो. रेघच काढून टाकली तर ‘भरण’ आणि ‘मरण’ यांत फक्त डावीकडच्या गाठीचा फरक उरतो. अशा फाँटात भ-ध ची गाठ नेहमीच्या दीडपट काढा आणि वर किंचित बाहेर वळवा.

शाईचा डाग

भरण-मरण :))

त्यात ‘ख’ची भर घाला. ख चे दोन भाग खाली जोडले नसतील तर तो ‘रव’ वाचला जातो. खेळकर फाँटात अक्षरं सैल बसवतात म्हणून हा धोका जास्त. आणि ब-व. जाड अक्षरात ब च्या पोटातली तिरकी रेघ आकार लहान केल्यावर भरून जाते, ‘बाल’चा ‘वाल’ होतो. ‘मोदक’सारखा जाड फाँट मी तरी पडद्यावर ४० पिक्सेलच्या खाली लावायला सांगणार नाही.

कोरी पाटी

अर्धा ण, धन्यवाद, एवढं तपशीलवार उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. अजून एक. ‘काका’, ‘बाबा’ असे शब्द आले की दोन्ही अक्षरं तंतोतंत सारखी दिसतात आणि हाताने काढल्याचा आव उघडा पडतो. यावर इलाज काय?

वेलांटी

पर्यायी रूपं. एकाच अक्षराची दोन-तीन रूपं काढायची आणि संदर्भानुसार बदलायचा नियम फाँटमध्ये लिहायचा. ओपनटाइपमध्ये ‘कॅल्ट’ नावाची सोय याचसाठी आहे. सगळ्या अक्षरांना नको. मराठीत काना, र, त, न, क, य, च, ल, स, दुसरी वेलांटी एवढ्यांना दुसरं रूप दिलं की पानाचा नूर बदलतो. सुरुवात कान्यापासून करा, तो सगळीकडे असतो.

रोमनसाठी लिहिलेला नियम इथे तसाच्या तसा उचलला तर चालत नाही. तिथे ‘मागे तेच अक्षर असेल तर बदल’ एवढं पुरतं. ‘काका’मध्ये दुसऱ्या क च्या लगेच मागे काना आहे, क नाही. म्हणून नियम दोन घरं मागे बघणारा हवा: मागे क, मध्ये कोणतंही स्वरचिन्ह, मग हा क बदल. अनुस्वार-मात्रा या चिन्हांना दुर्लक्षित करण्याची खूण लावता येते, पण काना स्वतःची रुंदी घेऊन बसतो म्हणून तो दुर्लक्षिता येत नाही, नियमात लिहावाच लागतो. शिवाय हा नियम लागू होतो तोवर पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येऊन बसलेली असते. ‘किकि’ हे फाँटच्या दृष्टीने वेलांटी-क-वेलांटी-क असं असतं. हे विसरलं की ‘काका’ला चालणारा नियम ‘टिकटिक’ला रुसतो.

फरक किती ठेवायचा? तिरपेपणात दोन-तीन अंश, जाडीत पाच-सात टक्के, एखादं टोक लांब. यापेक्षा जास्त केलं तर ते दुसऱ्याच फाँटातलं अक्षर वाटतं.

नोडनाशक

छपाई आणि कटिंगच्या बाजूने.

कोरल किंवा इलस्ट्रेटरमध्ये मजकूर कर्व्ह केला, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार केले, की अर्धा ण म्हणाले ती शिरोरेघेची चढलेली टोकं आकारातच राहतात. छपाईत ते दिसत नाही. व्हिनाइल कटिंगला मात्र प्लॉटर (कापणारं यंत्र) प्रत्येक कड कापतो, म्हणून शिरोरेघेत प्रत्येक सांध्याला दोन उभे काप पडतात आणि सोलताना अक्षरं सुटी होऊन येतात. कर्व्ह केल्यावर आधी वेल्ड करायचं, म्हणजे सगळे आकार एकजीव करायचे, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट. मग वायरफ्रेममध्ये, म्हणजे फक्त कडा दाखवणाऱ्या दृश्यात, बघा: शब्दाभोवती एकच अखंड कड दिसली पाहिजे, आत फक्त पोकळ्या.

बाह्यरेषेचंही तेच. अक्षराला पांढरी जाड कड दिली की सांध्यावर उभ्या चिरा उमटतात. वेल्ड करा, नाहीतर कड भरावाच्या मागे टाका. वेबवर हेच काम ‘पेंट-ऑर्डर’ने होतं: आधी स्ट्रोक, मग फिल.

टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटला शाई पसरते. अक्षरातली सगळ्यांत बारीक फट प्रत्यक्ष आकारात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती भरलीच म्हणून समजा. गुबगुबीत फाँट निवडला असेल तर कर्व्ह करून पोटातल्या फटी हाताने थोड्या उघडा. चहाच्या कपावर न दिसणारी ही गोष्ट छातीवरच्या मोठ्या अक्षरात लगेच दिसते.

लांबून वाचायच्या फलकाला दर ३ मीटर अंतरामागे अडीच सेंटिमीटर अक्षर धरतात. देवनागरीत ती उंची शिरोरेघेपासून पायापर्यंत मोजा, मात्रांसकट नाही. मात्रांसकट मोजल्यामुळेच फलक लहान निघतात.

फोटोशॉप-इनडिझाइनमध्ये वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, हलन्त उघडे दिसले, तर फाँट फेकू नका. वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करा.

शाईचा डाग

नोडनाशक, वेल्डच्या मुद्द्याला +१. त्यात एवढंच की वेल्ड केल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून टाइप केलेली मूळ प्रत वेगळ्या लेयरवर कुलूप लावून ठेवा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक नेहमी वेल्डनंतरच सापडते.

बोरूबहाद्दर

वेबचे तीन खड्डे माझ्याकडून.

लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा. रोमन शीर्षकांसाठी थीममध्ये अक्षरांतलं अंतर वाढवलेलं असतं, तेच देवनागरीला लागलं की शिरोरेघेचे तुकडे होतात. ‘फाँट तुटका आहे’ अशी तक्रार आली की पहिल्यांदा इथे बघायचं.

खेळकर फाँट बहुधा एकाच वजनाचा असतो, आणि ब्राउझर शीर्षकाला आपोआप ठळक करतो. वजन नसेल तर कडा फुगवून खोटं ठळक बनवतो. आधीच जाड असलेल्या अक्षराचं पोट त्यात बुजतं. वजन ४०० लिहा आणि फाँट-सिंथेसिस बंद करा.

मजकुरापुरता फाँट कापून लहान करताना ०९०० ते ०९७एफ या पट्ट्यासोबत २००सी (विजोडक) आणि २००डी (जोडक) ही दोन अदृश्य चिन्हं घ्या, नाहीतर जोडकाने टाइप केलेला ‘ऱ्या’ फुटू शकतो. ओळीची उंची दीडपटीच्या खाली नको. बटणात ‘र्कीं’सारखं काही आलं आणि डोकं कापलं गेलं तर कारण हेच.

वेलांटी

मुलांच्या पुस्तकांबद्दल मतभेद नोंदवते. मुखपृष्ठ आणि फुगे ठीक. पण नुकतं वाचायला लागलेल्या मुलासाठी आतला मजकूर खेळकर फाँटात नको, आणि पर्यायी रूपं असलेल्या फाँटात तर नकोच. त्याला क चा एक आकार ओळखीचा होत असतो, तिथे तीन क दाखवून काय साधणार?

शाईचा डाग

एकदम नकार पटत नाही. पानावर एक वाक्य असलेल्या चित्रपुस्तकात ‘बलू’सारखा मोकळ्या पोटाचा फाँट २४ पॉइंटच्या वर छान चालतो. पर्यायी रूपं बंद ठेवायची एवढंच. वाचनपाठाच्या पुस्तकाबद्दल मात्र सहमत.

कोरी पाटी

शेवटचा प्रश्न. शीर्षक खेळकर ठेवलं तर खालच्या मजकुराला काय लावावं? आणि फुकट मिळालेला फाँट विकायच्या वस्तूवर चालतो का?

बोरूबहाद्दर

खाली शांत फाँट. ‘मुक्त’ घ्या, त्यात सात वजनं आहेत. शीर्षकाच्या अडीच-तीन पट लहान ठेवा, म्हणजे दोघांत स्पर्धा लागत नाही. एका पानावर दोन खेळकर फाँट नकोत. एक विनोद सांगत असताना दुसऱ्याने मध्ये तोंड घालू नये.

परवान्याचं: फाँटसोबतची मजकूर फाइल उघडून वाचा. ‘ओपन फाँट लायसन्स’ असेल तर छापा, वस्तू विका, ॲपमध्ये घाला, आकार बदला, सगळं चालतं. नुसता फाँट एकटा विकता येत नाही, बदललेला फाँट त्याच परवान्याखाली ठेवावा लागतो, आणि मूळ नाव राखीव असेल तर ते वापरता येत नाही. ‘मोदक’, ‘बलू’, ‘कलम’, ‘मुक्त’ चारही याच परवान्याचे. ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ लिहिलं असेल तर टी-शर्टाच्या आधी बनवणाऱ्याला पत्र लिहा.

नोडनाशक

आणि छापखान्यात फाइल देताना कर्व्ह करून द्या, फाँट जोडून नाही. तिकडचं सॉफ्टवेअर जुनं असलं तर वेलांट्या उजवीकडे पळालेल्या प्लेटवरच दिसतात.